कक्षाला कुलूप लागू देऊ नका

नवऱ्याने मारलं म्हणून पोलीस ठाण्यात निघालेल्या बाईला तिथे काय ऐकायला मिळणार, हे रस्त्यातच ठाऊक असतं. ‘एनसी घेतो.’ ‘उद्या त्याला बोलावून समज देतो.’ हवालदार वयस्कर असले तर जरा मायेने, ‘बाई, पदरात दोन पोरं आहेत, जुळवून घ्या.’ यापेक्षा वेगळं काही कानावर पडण्याची सोय महाराष्ट्रात चाळीस वर्षांपासून आहे. ती आता गुपचूप मोडत चालली आहे, म्हणून हा लेख.

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बाई शेवटी ठाण्यातच येते. तर तिथेच, खाकीच्या शेजारी पण खाकीच्या हुकमाबाहेर, एक प्रशिक्षित कार्यकर्ती बसवायची, एवढीच कल्पना. पुढे राज्य सरकारने ती उचलली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कक्ष निघाले. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. जी बाई ठाण्याची पायरी कधीच चढत नाही, तीसुद्धा टाके घालायला दवाखान्यात येते. ‘न्हाणीघरात पडले’ म्हणून सांगते. पडून दोन्ही दंडांवर बोटांचे वळ उठत नाहीत, हे परिचारिकेला कळतंच. पण पुढे काय विचारायचं आणि कसं, हे शिकवावं लागतं. ‘दिलासा’ने ते शिकवलं.

कक्षात चालतं काय, याची बाहेर फारशी कल्पना नसते. पुष्कळांना वाटतं, चार समजुतीच्या गोष्टी सांगून बाईला परत नांदायला धाडतात. (काही ठिकाणी तसं होतंही. समेटाचे आकडे अहवालात छान दिसतात.) चांगल्या कक्षात सुरुवातीला कोणी काही समजावतच नाही. ‘जेवलीस का गं? पोरं कुठे ठेवलीस?’ एवढंच. मग ती बोलायला लागते, तीही भलतीकडूनच, भाजी करपली तिथपासून. खरं ते उठता उठता बाहेर पडतं. गळा दाबला होता असं ती म्हणाली की ताई तिला पुन्हा खाली बसवते. गळ्याला हात घालणारा उद्या जीवही घेऊ शकतो, हे या कामातल्या बायकांना पक्कं माहीत असतं. तरीही ती परत जायचंच म्हणाली, तर तिला रागवायचं नाही. तयारी करून द्यायची. आधार, रेशनकार्ड, पोरांचे दाखले यांच्या झेरॉक्स विश्वासातल्या शेजारणीकडे. बहिणीचा नंबर पाठ, कारण मोबाइल आधी हिसकावला जातो. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात शिरायचं नाही, तिथे सुरी असते, रॉकेल असतं, दाराकडे सरकायचं.

कायदाही तिला तिथेच पहिल्यांदा कळतो. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिला राहत्या घराचा हक्क देतो. घर सासऱ्याच्या नावावर असलं म्हणून तो आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. पण हा हक्क न्यायालयापर्यंत नेणारं माणूस लागतं. संरक्षण अधिकारी हे त्यासाठीचं पद. कित्येक तालुक्यांत ते दुसऱ्याच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या अधिकाऱ्याकडे ‘अतिरिक्त’ म्हणून टाकलेलं असतं.

आणि रात्री अकराला घराबाहेर काढलेल्या बाईने जायचं कुठे? ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये आसरा मिळतो, पाच दिवसांपुरता. पाच दिवसांत भाड्याची खोली मिळत नाही, काम मिळत नाही, पोराचा शाळेचा दाखला निघत नाही. त्यापुढे शक्ती सदन किंवा महिला राज्यगृह. तिथे मोठ्या मुलाला आईबरोबर राहता येत नाही, म्हणून तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असलेल्या कितीतरी बाया मार खात घरीच थांबतात. १८६३मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८८९मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. त्या राज्यात अडचणीतल्या बाईला आज पलंग शिल्लक आहे का ते फोन करून विचारावं लागतं, याची लाज वाटायला हवी.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी. या थोड्याजणी जिच्यासमोर येऊन बसतात, ती ताई कंत्राटी असते. मानधन महिनोन्‌महिने थकतं. ती कंटाळून सोडून जाते, जागा भरली जात नाही, खोलीत जप्तीच्या मोटारसायकलींचे सुटे भाग येऊन पडतात, आणि वर्षअखेरीस ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून कक्ष गुंडाळता येतो.

‘ही केंद्रं घरं फोडतात’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मी आता वेळ दवडत नाही. घर फोडणारा कोण, ते दंडावरचे वळ सांगतात.

आपण करायचं ते अवघड नाही. जिल्हा परिषदेकडे आणि ग्रामपंचायतीकडे स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी राखीव असतो, जिल्हा वार्षिक योजनेतही तीन टक्के आहे. त्यातून शिलाई यंत्रं वाटली की फोटो चांगला येतो. यंदा ग्रामसभेत उठून विचारा, तालुक्याच्या समुपदेशन केंद्राला किती दिले? बचत गटांनी तसा ठराव मांडावा. वकील मंडळींनी आठवड्यातली एक दुपार कक्षाला द्यावी. डॉक्टरांनी ‘पडले’ एवढंच न लिहिता जखमा नीट नोंदवाव्यात. ज्याची जागा रिकामी आहे त्याने केंद्रातून बाहेर पडणाऱ्या बाईला ती भाड्याने द्यावी, आणि ‘मिस्टर कुठे असतात?’ हा प्रश्न गिळावा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक जिन्यात, पिठाच्या गिरणीवर लावावा; बाईच्या मोबाइलमध्ये मात्र तो दुसऱ्याच नावाने असावा.

आणि दहा रुपयांचा एक माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या नावाने जाऊ द्या. समुपदेशकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, शेवटचं मानधन कोणत्या महिन्याचं निघालं? उत्तर द्यायला त्यांच्याकडे तीस दिवस आहेत. ते आलं की झेरॉक्स काढून आमदारांना द्या, गावच्या वार्ताहराला द्या, आणि नाहीच आलं तर अपील करा.