चांदनी चौकातला निळा बोर्ड
कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-टूएम हा देशातला पहिला डिजिटल संगणक आला, तेव्हा त्याला हात लावणं हे मोजक्या तज्ज्ञांचंच काम होतं. आज त्याच शहरात, चांदनी चौकाच्या गल्ल्यांत, वायरी आणि एलईडींच्या ढिगाऱ्यातून एखादा शाळकरी पोरगा आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड निवडून खिशात टाकतो. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ मध्ये आर्डुइनो जन्मला तो डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी, इंजिनिअरांसाठी नव्हे. सगळी गंमत तिथेच आहे. एरवी मायक्रोकंट्रोलर शिकायचा तर वेगळा प्रोग्रामर घ्या, शेकडो पानांची डेटाशीट उपसा. इथे यूएसबी केबल जोडली, चार ओळी लिहिल्या, की दिवा लुकलुकतो. ३२ किलोबाइट फ्लॅश, १६ मेगाहर्ट्झ वेग. आकडे ऐकून हसू येईल, पण कुंडीतल्या मातीची ओल मोजायला आणखी काय लागतं? (रोपाला यंत्र जोडणं जगदीशचंद्र बोसांच्या गावाला नवं नाहीच.) आराखडा खुला, म्हणून नकलाही राजरोस आणि स्वस्त. आयता कोड चिकटवून ‘प्रोजेक्ट’ उरकणारे कॉलेजकुमार यामुळे वाढले, हे खरं. त्याचं खापर मी बोर्डावर फोडणार नाही. मला भावते ती साधी सोय: मूळ उनोत चिप खोबणीत बसवलेली असते. उलटसुलट जोडणीत जळालीच, तर अलगद उचकटायची आणि बूटलोडर भरलेली दुसरी तिथे दाबून बसवायची.