लोकरीच्या नावाने

आजच्या तरुणांच्या हाताला वळण उरले नाही, अशी तक्रार करण्याचा आमच्या पिढीला छंदच जडला आहे. परंतु गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० सालच्या टाळेबंदीपासून, याच तरुणांपैकी कित्येकांनी विणकामाच्या सुया हाती घेतल्या, आणि त्यांत मुलगेही आहेत, ही गोष्ट तक्रार करणाऱ्यांच्या नजरेस आलेली दिसत नाही. ज्या घरांत आजीच्या सुया ट्रंकेच्या तळाशी पडून होत्या, तेथे पुन्हा सुलट-उलट टाक्यांची मोजणी ऐकू येऊ लागली आहे. या उत्साहाचे कौतुक करून येथेच लेखणी थांबविता आली असती. परंतु ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण या मुलांच्या हाती जो धागा पडतो, तो चुकीच्या नावाने पडतो, आणि ते नाव त्यांना शिकविणारे आम्हीच आहोत.

येथे हैदराबादेत दुकानी जाऊन मराठीत ‘लोकर’ म्हणा की हिंदीत ‘ऊन’ म्हणा, दुकानदार तुमच्यापुढे जो रंगीत गुंडा ठेवतो त्याचा मेंढीशी बहुधा काडीचाही संबंध नसतो. वेष्टनावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘शंभर टक्के ॲक्रिलिक’ असे छापलेले असते. हा धागा खनिज तेलापासून काढलेल्या रसायनाचा. १९५० साली अमेरिकेत त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. दुकानदाराने आपणांस फसविले असे म्हणता येत नाही. आपण ‘लोकर’ मागितली, आणि आपण ज्याला लोकर म्हणू लागलो आहोत तेच त्याने दिले.

आमच्या भाचीच्या मुलीने या ‘लोकरी’ची बंडी आपल्या आजोबांसाठी दोन महिने खपून विणली. आजोबांनी ती चार दिवस घातली. मग पाठीला घाम येतो म्हणून खुंटीला अडकविली. एका हिवाळ्यात तिच्यावर बारीक गोळ्या धरल्या. मुलीने निष्कर्ष काढला की आपल्या हातालाच विणकाम जमत नाही. दोष तिच्या हाताचा नव्हता. परंतु हे तिला सांगणारे त्या घरात कोणी नव्हते.

खरे-खोटे ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. जवळ पाण्याची वाटी ठेवावी, धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरावा आणि ज्योतीला लावावा. लोकर केस जळल्यासारखी वास देते, ज्योत काढताच बहुधा विझते, आणि मागे चुरता येईल अशी राख राहते. कापूस कागदासारखा भुरुभुरु जळतो. ॲक्रिलिक वितळते, आणि त्याचा काळा कठीण मणी बनतो. जे वस्त्र आपण लेकराला घालतो, ते आगीपाशी वितळून कातडीला चिकटू शकते, एवढे तरी विणणाऱ्याला ठाऊक असावयास नको काय?

ॲक्रिलिकास गुण नाहीत असे आमचे म्हणणे नाही. ते धुण्यास सोपे, त्याला कसर लागत नाही, आणि ज्यांच्या अंगाला लोकर टोचते त्यांची ते सोय करते. जाणून घेतले तर त्यात काहीच वावगे नाही. परंतु ‘स्वस्त आहे, मग पुरे’ हा जो युक्तिवाद ऐकू येतो, तो हिशेबातच चुकतो. एका बंडीत हजारो टाके पडतात, आणि धागा कोणताही असो, त्या टाक्यांना लागणारे श्रम तेवढेच असतात. श्रमाच्या मानाने धाग्याची किंमत किती अल्प! दोन महिन्यांचे श्रम एका हिवाळ्यात विटणाऱ्या धाग्यात घालणे, यास काटकसर कसे म्हणावे?

दुसऱ्या बाजूस रसिकांचा एक वर्ग आहे. त्यांच्या मते विणावे तर मेरिनोच्याच लोकरीने. ती मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते, आणि तिची किंमत ऐकूनच विद्यार्थी मागे फिरतो. अशा रीतीने नैसर्गिक धागा म्हणजे श्रीमंतांची चैन, हा समज दोन्ही पक्षांनी मिळून रूढ केला आहे.

हा समज ज्या देशात रूढ झाला, तो जगातील सर्वांत मोठ्या कापूस-उत्पादक देशांपैकी एक आहे, हे विलक्षण नव्हे काय? आमच्या तेलंगणात शेतेच्या शेते कापसाने पांढरी होतात; तिकडे तिरुप्पूरला यंत्रांवर सुती बनियने विणून परदेशी जातात. मात्र हातविणकामासाठी अनेक पदरी, सैल पिळाचे, मऊ सूत परवडेल अशा दराने मागू लागलो, तर सामान्य दुकानात ते क्वचित मिळते. तोवर उपाय आहे. हातमागासाठी विकले जाणारे बारीक सूत वजनावर घ्यावे आणि त्याचे चार-सहा पदर एकत्र धरून विणावे. सुताला लोकरीसारखा ताण नाही, त्यामुळे काठ सैलावतो. भिजले की ते जडही होते. म्हणून अंगासरशी बसणारा नमुना त्यासाठी निवडू नये. परंतु जेथे थंडी जेमतेम दोन महिन्यांची, तेथे यापरते सुखकर वस्त्र कोणते?

आणि लोकरच हवी असेल तर तीही येथे आहे. दख्खनी मेंढी महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि तेलंगणात चरते; आपली घोंगडी आणि तेलुगू भाषकांची गोंगडी ही नावे सख्ख्या बहिणींसारखी आहेत. तिची लोकर राठ असते, अंगाला लागून घालण्याजोगी नव्हे. देशातील बहुतांश लोकर गालिचांच्याच प्रतीची मानली जाते. परंतु आसन, पिशवी, जाड वरवस्त्र यांना ती उत्तम. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून मेंढपाळ ती टाकून देतात, आणि आपण तिचेच नाव तेलाच्या धाग्याला देतो.

आमची मागणी मोठी नाही. वेष्टनावर धाग्याचे नाव ठळकपणे, लोकांच्या भाषेत असावे. गिरण्यांनी हातविणकामाचे सूत साध्या दरात काढावे. गिऱ्हाईक तयार आहे. आणि घरातील ज्येष्ठांनी पहिला टाका शिकविण्यापूर्वी धागा ओळखावयास शिकवावे. आमच्या भाचीच्या मुलीला आम्ही गेल्या महिन्यात सुताची एक लडी आणून दिली. तिने टाके घातले आहेत. या वेळी बंडी खुंटीवर गेली तर दोष कोणाचा, हे तिला आधीच ठाऊक असेल. आणि तो आपलाच आहे असे समजून ती सुया ट्रंकेत टाकणार नाही.