न्यायमंदिराचें उघडें द्वार

‘ज्याला अन्याय झाला असें वाटतें त्यानें कोर्टांत जावें,’ हें वाक्य आपल्या सुशिक्षित समाजांत इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, उच्चारणारा स्वतः कधीं कोर्टाची पायरी चढला नसावा अशी शंका येते. नोकरींतील भेदभावाची तक्रार घेऊन उभ्या राहिलेल्या कामगाराच्या बाबतींत तर हा उपदेश सांगणाऱ्याची मान सोडवून घेण्यापलीकडे कांहीं साधीत नाहीं.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीविरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर बाईंनीं चालविलेलें प्रकरण घ्या. पुरुष स्टेनोग्राफरांहून आपल्याला त्याच कामाचें वेतन कमी मिळालें, ही त्यांची तक्रार. आणि तीहि १९७७ सालीं नोकरी गेल्यावर केलेली. नोकरीवर असतांना असें धैर्य कितीजणींना होईल? समान वेतनाचा १९७६ चा कायदा पाठीशीं होता. पहिल्या अधिकाऱ्यानें काम सारखेंच असल्याचें मान्य केलें, आणि तरीहि स्त्री म्हणून भेद झाला नाहीं असा निवाडा दिला! अपिलांत बाई जिंकल्या. मग कंपनी हायकोर्टांत गेली, तेथें एका न्यायमूर्तींपुढें हरली, दोन न्यायमूर्तींपुढें हरली, आणि शेवटीं १९८७ सालीं सुप्रीम कोर्टांतहि हरली. दहा वर्षें आणि पांच पायऱ्या. वेतनांतील फरकाची रक्कम सुमारें ७,२०० रुपये.

कंपनीचा बचाव मोठा बोधप्रद आहे. वरिष्ठांच्या खाजगी कामासाठीं नेमलेल्या सर्व स्टेनोग्राफर स्त्रियाच असल्यामुळें तुलनेला पुरुषच नाहीं, म्हणून भेदभावहि नाहीं! आधीं स्त्रियांचें निराळें दालन करावयाचें आणि मग त्यांत पुरुष दिसत नाहीं म्हणून निर्दोष ठरावयाचें. शिवाय वेतनश्रेणी युनियनशीं झालेल्या करारानेंच ठरली होती; म्हणजे आपल्याच बांधवांची सही तक्रारदाराविरुद्ध पुराव्यांत येते. आर्थिक ऐपत नसल्याची सबब तर ठेवणीतलीच. कोर्टानें यांतील एकहि सबब मानली नाहीं, ही समाधानाची गोष्ट. परंतु तें ऐकण्यास बाईंना दहा वर्षें थांबावें लागलें.

पुराव्याची अडचण याहून बिकट. पगारपत्रकें मालकाच्या कपाटांत आणि साक्षीदार मालकाच्या पगारावर. अमेरिकेंत गुडइयर कंपनीच्या लिली लेडबेटर यांना पुरुष सहकाऱ्यांचा पगार नोकरीच्या अखेरीस एका निनांवी चिठ्ठीनें कळला. २००७ सालीं तेथील सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध चार मतांनीं सांगितलें कीं, वेतनाचा निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार करावयास हवी होती. जें ठाऊकच नाहीं त्याविरुद्ध दाद मागावी कशी? २००९ सालीं कायदा बदलावा लागला.

तक्रारी सोप्या केल्यास खोट्या खटल्यांचा सुळसुळाट होईल, असें आमचे कांहीं मित्र म्हणतात. सात हजारांसाठीं दहा वर्षें हेलपाटे घालणारा लबाड त्यांनीं एकदां दाखवावाच. तोंवर आमची मागणी साधी आहे: सारख्या कामाला निराळें वेतन दिसलें कीं कारण सांगण्याचा भार मालकावर पडावा, आणि एकदां मंजूर झालेली रक्कम कामगाराच्या हातीं पडल्याखेरीज मालकाचें पुढील अपील ऐकूं नये.