फाटकापुढची मोरी

गाडी अंगणात घ्यायची म्हणून रस्त्याकडेच्या गटारावर मुरूम टाकायचा आणि खाली हाताला लागेल तो पाईप घालायचा, हे महाराष्ट्रात गावोगाव चालते. खरे तर मोरी बांधायला परवानगी लागते: गावातल्या रस्त्यावर ग्रामपंचायतीची, बाहेर बहुधा जिल्हा परिषदेची, राज्यमार्गावर सार्वजनिक बांधकाम विभागाची. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने रस्त्यावरचा अडथळा हटवण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे. दोन फुटी पाईपाऐवजी एक फुटी घातला, तर पाण्याची वाट चौथाईच उरते. मग पाणी खालच्या आळीत, गरिबाच्या उंबऱ्यात शिरते.

मला बोलायचे आहे ते मशिदी-कब्रस्तानच्या फाटकापुढल्या उतारांबद्दल. तिथे ग्रामपंचायत अधिकारी बोलायला कचरतो आणि आपण त्याच्या भिडेचा फायदा घेतो. (देवळापुढेही तेच होते, पण ती आपली सबब होऊ नये.) रस्त्यातली अडचण दूर करणे हा ईमानचा भाग, असे जुम्म्याला ऐकायचे आणि बाहेर शेजाऱ्याच्या दारात पाणी तुंबवायचे, हे मला पटत नाही. जमातीने पावसाळ्याआधी स्वतःहून अर्ज करावा, गटाराच्या मापाचा पाईप बसवावा आणि दरवर्षी गाळ कोण काढणार, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावे.