मोंढ्यातला कान
खांबावरून

जालन्याच्या मोंढ्यात ओळखीच्या एका आडत्याने पत्र्याच्या गोदामावर बूस्टर बसवला. त्याच्या मोबाइलवर रेंजच्या काड्या भरल्या. शेजारच्या दुकानांतले कॉल मात्र तुटायला लागले. ‘आमची रेंज कोण खातंय?’ हे तिथले दुकानदार मलाच विचारतात. गंमत म्हणजे केंद्राच्या दूरसंचार विभागाचं उपग्रह-निरीक्षण भूकेंद्र याच जालन्यात आहे. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांच्या लहरींत कुणाची घुसखोरी चाललीय, यावर तिथल्या छत्र्यांचा डोळा. गोदामावरची पेटी मात्र कुणाला दिसत नाही.

कॉल तुटतात तेव्हा टॉवर अनेकदा ओरडण्यात नव्हे, ऐकण्यात कमी पडतो. हर्राशीच्या कालव्यातही आडत्या आपल्या गिऱ्हाइकाचा आवाज धरतो, कारण तो त्याच्या दोन कानांवर किंचित मागेपुढे पडतो. परिस्थितीप्रमाणे जुळवून घेणाऱ्या अँटेनाची युक्ती हीच, फक्त कान पुष्कळ. फाइव्ह-जीच्या मोठ्या पॅनेलमागे असे ६४ कान असतात. साडेतीन गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची. छोट्या अँटेना तिच्या निम्म्या अंतरावर मांडायच्या, म्हणून सारा पसारा एका पेटीत मावतो. कुठल्या कानाचं किती धरायचं, किती उशिराने मिळवायचं, हे यंत्र क्षणोक्षणी ठरवतं. हव्या दिशेच्या लहरी एकमेकींना उचलून धरतात, नकोशा दिशेच्या एकमेकींना मारतात. त्या दिशेला अँटेना चक्क बहिरी होते. पॉल हॉवेल्स यांनी रडारसाठी ही वाट काढली; स्टॅनफर्डच्या बर्नार्ड विड्रो आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये, चूक मोजत मोजत स्वतःला सुधारणारी अँटेना मांडली.

म्हणून ‘टॉवरची पॉवर वाढवा’ ही आपली नेहमीची मागणी मला पटत नाही. मागायचे तर कान मागा, आणि भोकरदन-मंठ्याच्या खेड्यांसाठीही मागा.

पण या हुशार अँटेनालाही एक गोष्ट जमत नाही. नकोसा आवाज आणि हवासा आवाज एकाच दिशेने आले, तर ती कुणाला गाळणार? परवान्याशिवायचा तो बूस्टर, कुणी बोलत नसलं तरी, टॉवरच्या कानात खरखर ओततो. तिकडे बहिरं व्हावं, तर त्याच रांगेतली शेजारची दुकानंही गेली. आडत्याला हे सांगून झालं. तो म्हणाला, ‘साहेब, हंगाम संपू द्या, मग काढतो.’

— रेंजकर