संग्रही कोणते पर्व असावे?
'द सिम्प्सन्स' ही अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिका १९८९ पासून सुरू आहे. तिची सारी पर्वे विकत घेणे ना खिशाला परवडते, ना कपाटाला. जुन्या रसिकांचा कौल आरंभीच्या पर्वांना असतो; पण दर्जा हा एकच निकष पुरेसा नाही. मायकेल जॅक्सनवरील आरोपांचा माहितीपट २०१९ मध्ये आला आणि त्याचा आवाज असलेला तिसऱ्या पर्वातील पहिला भाग निर्मात्यांनी मागे घेतला. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'डिस्ने प्लस'वरही तो आला नाही. जुन्या डीव्हीडी संचात मात्र तो कायम आहे. निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. वर्गणीतून पाहण्याची मुभा मिळते, मालकी नव्हे. म्हणूनच आवडीच्या पर्वांपैकी वादात सापडण्याजोगे पर्व आधी संग्रही असावे.