छापलेली वाटी

आमच्या खालांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात तोच खुबा पुन्हा दुखू लागला. बसवलेली वाटी सैल झाली होती आणि तिच्या भोवतीचं हाड झिजून पोकळ झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता थ्रीडी प्रिंटिंगची वाटी बसवू." घरी येताच खालांनी आम्हाला विचारलं, "छापलेली म्हणजे कागदाची का?"

कागदाची नव्हे, टायटॅनियमच्या मिश्रधातूची. या धातूची पिठासारखी भुकटी यंत्रात केसाहून पातळ थराने पसरतात. नकाशात जिथे वाटी असेल तेवढीच भुकटी लेसर किंवा इलेक्ट्रॉनचा झोत वितळवतो. मग त्यावर दुसरा थर, तिसरा, असे शेकडो थर. उरलेली भुकटी चाळून पुन्हा वापरतात, आपण पुरीचं पीठ चाळून ठेवतो तशी!

खरी कमाल वाटीच्या पाठीवर असते. नल्लीचं हाड टोकाशी कापलं की आत बारीक जाळी दिसते ना, तशीच जाळी तिथे छापतात. रुग्णाचं हाड हळूहळू त्या छिद्रांत वाढतं आणि वाटीला धरून ठेवतं. अशा वाट्या इटलीत २००७ पासून बसवल्या जात आहेत. २०१४ मध्ये बीजिंगला डॉ. लिउ झोंगजुन यांनी कॅन्सर झालेल्या बारा वर्षांच्या मुलाच्या मानेत दुसऱ्या मणक्याच्या जागी छापलेला मणका बसवला. तयार मापाचा मणका तिथे कुठून मिळणार होता?

पण नाव ऐकून दागिने मोडायला निघू नका. "छापलेली" म्हणजे प्रत्येक वेळी आपल्याच मापाची नव्हे. बऱ्याचशा वाट्या ठरावीक मापांत छापून तयार असतात. सीटी स्कॅनवरून खास एकाच रुग्णासाठी बनवलेली वेगळी. तिला वेळही लागतो, पैसाही. डॉक्टरांना सरळ विचारा, यांपैकी कोणती आणि का? पहिल्यांदाच सांधा बदलायचा असेल आणि हाड शाबूत असेल, तर नेहमीचा सांधाही बहुधा उत्तम चालतो. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर तर सरकारने २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली आहे. तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागायला लाजू नये.

खालांचा स्कॅन झाला. तयार मापाची छापलेली वाटी त्यांना पुरली. आता काठी घेऊन त्या गल्लीच्या टोकापर्यंत जातात, नमाज खुर्चीवर पढतात. फक्त भाकऱ्या थापायचा त्यांचा पाट आम्ही माळ्यावर ठेवला, याचा राग अजून गेलेला नाही.